अष्टमीच्या सकाळची गोळी

ठाकुर्ली
१४ जून १९८७

ती. आत्या,

नमस्कार, आणि नमस्कारापाठोपाठ लगेच भांडण. परवा डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून पारा वर चढवला, तेव्हा तू त्यांना म्हणालीस, "एवढं तर आमच्यात सगळ्यांनाच असतं." एकशे नव्वदावर एकशे दहा कोणालाच नसतं, आत्या. कल्याणला आमच्या वॉर्डात असे आकडे असलेली माणसं स्ट्रेचरवरून येतात, तुझ्यासारखी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालत येत नाहीत.

आता नीट वाच. चष्मा सापडत नसेल तर तुझ्या कान्हाकडून वाचून घे, पण सुनेसमोर नको, नाहीतर ती मला आगाऊ समजेल. पांढरी गोळी सकाळी एक, चहानंतर. पन्नासची आहे. ती तुझ्या काळजाला जरा सावकाश चालायला लावते, म्हणजे त्याच्यावरचा ताण कमी होतो. सुकट, खारवलेले बोंबील, लोणचं, सगळं कमी. बंद म्हणत नाही, कारण तू ऐकणार नाहीस.

आणि एक गोष्ट दोनदा लिहिते. ही गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. बरं वाटलं तरी नाही, उपवास असला तरी नाही. ही गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. मला ड्युटी आणि माझ्या धाकट्या लेकीची शाळा सोडून ठाण्याला सारखं येता येणार नाही, म्हणून पत्र लिहीत जा. तुझं चौथीपर्यंतचं अक्षर माझ्या डॉक्टरांपेक्षा बरं आहे.

तुझी
हेमा

*

ठाणे, कोळीवाडा
९ जुलै १९८७

चि. हेमास आत्याचे आशीर्वाद.

चष्मा खरंच सापडला नाही. कान्हाने पत्र ओटीवर बसून मोठ्याने वाचलं, त्यामुळे माझी सुकट साऱ्या आळीला कळली. आता बाजारात बसले की बाजूची म्हणते, भागीरथी, वास तरी घेऊ का तुझ्यासमोर? हे सगळं तुझ्यामुळे.

गोळी घेते. खोटं कशाला बोलू, गुण आहे. डोक्याच्या मागे ठोके पडायचे ते गेले. जिना चढताना छातीत धडधडायचं तेही गेलं. पूर्वी गिऱ्हाइकाशी भांडताना माझ्या अंगाची आग व्हायची, आता मी बसल्या जागी शांतपणे भांडते आणि गिऱ्हाईकच घाबरतं. हातपाय मात्र गार पडतात. बर्फातली मासळी काढताना बर्फ कुठला आणि बोटं कुठली ते कळत नाही. स्वप्नं फार पडतात. परवा तुझा बाप गोमाजी दिसला, नव्या होडीला रंग देत होता. जिवंत असताना त्याने कधी होडीला वेळेवर रंग दिला नाही, तेव्हा ते स्वप्नच.

डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधला. एकशे चाळीस म्हणाले. पोरी, तू नसतीस तर मी हा पट्टा कधी बघितला नसता. धाकटीचा पापा घे.

भागीरथी

*

ठाणे
५ ऑक्टोबर १९८७

चि. हेमास आशीर्वाद.

दसरा झाला. तुला सोनं द्यायला कान्हाला पाठवणार होते, पण मनच नव्हतं. अष्टमीला ती आली नाही.

बावीस वर्षं झाली, नवरात्रातल्या अष्टमीला देवी माझ्या अंगात येते. तू दाराआडून बघत मोठी झालीस, तुला काय सांगायचं. पण आत काय होतं ते मी कधी कोणाला बोलले नाही, ते आज लिहिते. आधी छातीत धडधड सुरू होते. ढोलाच्या वर तीच ऐकू येते. मग बोटांच्या टोकापासून हात कापायला लागतात, मग खांदे, आणि मग मी नसते. या वर्षी ढोल वाजला, धूप झाला, आरती तीनदा म्हणून झाली. मी डोळे मिटून बसले होते. काळीज आपलं घड्याळासारखं टकटक चाललेलं. हात मांडीवर ठेवले ते ठेवलेच. अंगावर काटासुद्धा नाही.

बायका एकेक करून उठल्या. ओट्या परत घेऊन गेल्या. शेवटी जाईबाई उरली. तिचा देवराम दहा वर्षांपूर्वी होडी घेऊन खाडीत गेला, होडी ऐरोलीच्या बाजूला चिखलात मिळाली, तो मिळाला नाही. दर अष्टमीला ती विचारते, माझा माणूस कधी येईल, आणि देवी सांगते, वाट बघ. त्यावर तिचं वर्ष निघतं. या वेळी ती नारळ मांडीवर घेऊन बसून राहिली आणि मी तिच्याकडे बघू शकले नाही.

आळीत म्हणतात, घरात काहीतरी चुकलं असेल. सुनेकडे बोट दाखवतात, ते मला आवडत नाही. हेमा, तू शिकलेली आहेस म्हणून विचारते. त्या गोळीमुळे असं होतं का? खरं सांग.

भागीरथी

*

ठाकुर्ली
२० ऑक्टोबर १९८७

ती. आत्या,

पत्र वाचून वाईट वाटलं. गोळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. गोळी रक्तदाबाची आहे, देवाधर्माचं तिला काय कळतं? तू दमली असशील. पुढच्या वर्षी होईल सगळं.

गोळी सोडू नकोस. दिवाळीनंतर येते.

तुझी हेमा

*

ठाणे
११ मार्च १९८८

चि. हेमास खूप खूप आशीर्वाद.

आज लिहायला बसले ते नुसतं आनंदात. बऱ्याच महिन्यांनी जेवण गोड लागलं. कान्हाने खाडीतल्या निवट्या आणल्या, मी रस्सा केला, तिखट घातलं, मीठ तुझ्या आठवणीने अर्धं. सून म्हणाली, आई, तुम्ही आज गुणगुणताय.

मागच्या महिन्यात डॉक्टरांकडे गेले होते. भला माणूस आहे. मी त्यांना सहज दोन गोष्टी विचारल्या, त्यांनी हसून सांगितल्या. काय ते भेटल्यावर सांगेन. माझ्या मनावरचा मोठा धोंडा उतरला एवढं समज.

पाडव्यानंतरच्या अष्टमीला बायकांना बोलावलं आहे. चैत्रातली अष्टमीही तिचीच. तू येऊ नकोस, तुझी ड्युटी असेल. गोळ्यांचं विचारू नकोस, डबी देव्हाऱ्याजवळ आहे, भरलेली आहे.

भागीरथी

*

ठाकुर्ली
६ एप्रिल १९८८

आत्या,

नऊ दिवस तुझ्या खाटेशेजारी बसले आणि एक शब्द बोलले नाही. तिथे तू पेशंट होतीस. आता घरी गेली आहेस, कान्हा म्हणतो उठून बसतेस, तेव्हा आता ऐक.

डबी भरलेली आहे असं तू लिहिलंस आणि मी मूर्ख, मला वाटलं नवीन आणल्यात. पंधरा दिवस तू एकही गोळी घेतली नव्हतीस. ही गोळी काळजाला धरून ठेवते, आणि हात एकदम सोडला की ते पूर्वीच्या दुप्पट धावतं. म्हणून दोनदा लिहिलं होतं. अष्टमीला तू छाती धरून आडवी झालीस तेव्हा बायकांना वाटलं देवी आली. त्या हात जोडून बसल्या होत्या, आत्या. सुनेने तुझे ओठ काळे पडलेले बघितले आणि रिक्षा आणली, म्हणून तू आहेस. ज्या सुनेकडे आळीने बोट दाखवलं, तीच.

डॉक्टर म्हणाले, झटका लहान होता. लहान झटका मी रोज बघते. माझ्या माणसाला आलेला मी कधी बघितला नव्हता. घाबरले होते मी. मी, जी दुसऱ्यांना सांगते घाबरू नका.

आता माझी पाळी. ऑक्टोबरात तू मला विचारलंस आणि मी खोटं लिहिलं. मला माहीत होतं. या गोळीने धडधड थांबते, हातांची थरथर थांबते. आमच्याकडे एक डॉक्टर व्यासपीठावर बोलायच्या आधी तीच घेतो. तू वर्णन लिहिलंस तेव्हा ओळीओळीला मला कळत होतं. पण खरं सांगितलं तर तू सोडशील या भीतीने मी नाही म्हटलं. तरी तू सोडलीसच. मग माझ्या खोटं बोलण्याचा उपयोग काय झाला?

रागावले आहे. तुझ्यावर जास्त की माझ्यावर, ते ठरत नाही. गोळी घे.

हेमा

*

ठाणे
२४ एप्रिल १९८८

चि. हेमा,

रागव. हक्क आहे तुझा. गोळी घेते, सून समोर उभी राहून देते आणि तोंड उघडून दाखवायला लावते. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला.

तू लिहिलंस की खोटं बोलण्याचा उपयोग काय झाला. तो काय झाला ते सांगते, पण त्यासाठी माझं खोटं आधी सांगावं लागेल. चौदा वर्षं ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

तुझं मॅट्रिक झालं त्या वर्षीची अष्टमी. ती आली, बोलली, गेली. मी भानावर आले होते, कोणीतरी तोंडावर पाणीही मारलं होतं. तेवढ्यात तुझा बाप पाया पडायला पुढे आला. उरणचं स्थळ त्याने पक्कं केलं होतं. तू दाराला डोकं टेकून उभी होतीस, रडून रडून तोंड सुजलेलं. तुला नर्सिंगला जायचं होतं आणि मी गोमाजीला दहा वेळा सांगून थकले होते. बहिणीचं तो ऐकत नव्हता. मला काय झालं कोण जाणे. मी परत मान हलवायला लागले. आवाज चढवला आणि म्हटलं, "गोमाजी, पोरीला शिकू दे. तिचं लगीन केलंस तर मी बघून घेईन." तो थरथर कापला बिचारा. दुसऱ्या दिवशी उरणला निरोप गेला.

ते देवी नव्हती बोलली, हेमा. मी बोलले होते, तिचं नाव घेऊन.

त्यानंतरही ती वर्षानुवर्षं येत राहिली, तेव्हा मला वाटलं तिने पोटात घातलं. पण गेल्या अष्टमीला आली नाही, तशी मला पहिली आठवण त्याचीच झाली. तरी आशेने तुला विचारलं, गोळीमुळे आहे का. तू म्हणालीस, काही संबंध नाही. मग दुसरं काय कारण उरलं? मी मंगळवार धरले, शुक्रवार धरले, अनवाणी फिरले, तिच्यासमोर नाक घासलं. चार महिने. आणि फेब्रुवारीत डॉक्टर हसत म्हणाले, "मावशी, हात कापत नाहीत ना आता? ही त्या गोळीचीच कमाल." मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. ती रागावली नव्हती! नुसती गोळी होती! म्हणून सोडली गं. जीव द्यायला नाही सोडली. आनंदाने सोडली.

त्या दिवशी ती आली की नाही ते मला ठाऊक नाही. छातीत धडधड झाली, हात कापले, मला वाटलं आली. मग कळ आली.

आता पुढचं विचार करते आहे. मी गोळी घेतली तर नवरात्रात ती येणार नाही. इतर बायकांचं चालून जाईल, त्यांचे प्रश्न सुनेचे नि पोराच्या नोकरीचे. पण जाईबाई? तिला मी काय सांगू? उत्तर देऊ नकोस, मलाच ठरवू दे.

भागीरथी

*

ठाकुर्ली
४ ऑक्टोबर १९८८

ती. आत्या,

एप्रिलच्या पत्राला उत्तर द्यायला सहा महिने लावले. मधे चार वेळा भेटलो, तू मला चिंबोऱ्या खायला घातल्यास, मी तुझा पट्टा बांधला, आणि त्या पत्राबद्दल दोघीही बोललो नाही. समोर बसून मला ते बोलताच आलं नसतं.

मी आजवर समजत होते की देवीने मला नर्स केलं. वॉर्डात कठीण वेळ आली की मी मनात तिचं नाव घेते. तुझं पत्र वाचून मी ड्युटीवर गेले, त्या दिवशी एका म्हाताऱ्यांचा श्वास अडकला. धावताना माझ्या तोंडातून जे निघालं ते "आत्या" होतं. म्हातारे वाचले. तू जे केलंस त्याला तू खोटं म्हणतेस. मला ते तसं कधी म्हणता येणार नाही.

पुढच्या मंगळवारी घट बसतील. या वेळी तुला सगळं खरं लिहिते, एकही शब्द आत न ठेवता. मी डॉक्टरांना विचारलं, दुसरी गोळी देता येईल का. ते म्हणाले, झटक्यानंतर हिच्याइतकी चांगली दुसरी नाही, त्यांच्या आईलाही त्यांनी हीच दिली असती. एक दिवस चुकवली तर काय, हेही विचारलं. म्हणाले, एका दिवसाने तुमच्या देवीचं काम होणार नाही आणि आठ दिवसांनी आत्या उरणार नाही.

म्हणजे गोळी घेतलीस तर ती बहुतेक येणार नाही. तिथे रिकामं बसणं काय असतं ते मला कळत नाही, ते तुलाच ठाऊक. गोळी घे असं गेल्या वर्षी मी हुकूम दिल्यासारखं लिहिलं होतं. या वर्षी नुसतं मागते. माझी आई मला आठवत नाही, आत्या. मला तू आहेस.

अष्टमीला येऊ का? येऊ नको म्हणालीस तर येणार नाही.

तुझी
हेमा

*

ठाणे
२३ ऑक्टोबर १९८८

चि. हेमास अनेक आशीर्वाद.

तू आली नाहीस ते बरं झालं. तू समोर असतीस तर मी तुझ्याकडेच बघत बसले असते. आता सगळं क्रमाने लिहिते, दोन दिवस लागले लिहायला.

अष्टमीला सकाळी आंघोळ केली, देवीला हार घातला. सून गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभी राहिली, पण या वेळी तोंड उघडा म्हणाली नाही. पेला ठेवून चुलीकडे गेली. मी गोळी हातात घेतली. तुला खोटं सांगणार नाही, ठेवून द्यावी असं वाटलं. एका दिवसाने काम होणार नाही हे तू लिहिलंस, म्हणून घेतली असं नाही. त्या झटक्याच्या दिवशी शेवटचं ऐकू आलं ते सुनेचं ओरडणं होतं, "आई, आई", तिच्या आवाजात जीव नव्हता. ते आठवलं. मी गोळी देवीच्या पायाला लावली आणि घेतली.

संध्याकाळी बायका आल्या. गेल्या वर्षीपेक्षा कमी. ढोल वाजला, धूप झाला. मी बसले. काळीज तुझ्या डॉक्टरांच्या हुकुमात चाललेलं. आरती झाली, मी डोळे उघडले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ती आता माझ्या अंगात येणार नाही, मी काळजाची गोळी घेते. एवढं बोलायला मला वर्ष लागलं. रमाबाई म्हणाली, देवीपेक्षा गोळी मोठी झाली काय? मी म्हटलं, मोठी नाही, पण मला जगायचं आहे. ती तोंड वाकडं करून उठली, तिच्याबरोबर आणखी तिघी गेल्या. बाकीच्या बसल्या, प्रसाद घेतला, घरच्या गोष्टी बोलल्या आणि गेल्या.

जाईबाई बसून राहिली. गेल्या वर्षीसारखीच, नारळ मांडीवर. कपाळावर मोठं कुंकू, हातात हिरवा चुडा. अकरा वर्षं.

मी म्हटलं, "जाईबाय, आज ती नाय. मीच हाय."

ती म्हणाली, "मंग तू सांग. माजा देवराम कवा येल?"

हेमा, माझ्याकडे दोन वाटा होत्या. मान हलवायला मला येतं, तुझ्या वेळी केलं होतं. एकदा केलं ते पुन्हा करता आलं असतं, आणि ती आणखी एक वर्ष सुखाने गेली असती. पण मी तिच्या चुड्याकडे बघितलं. दर सणाला ती त्याच्यासाठी ताट वाढते, मग ते झाकून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी एकटी शिळं खाते. हे साऱ्या आळीला ठाऊक आहे आणि कोणी तिला काही म्हणत नाही, कारण देवीने सांगितलंय.

मी तिचा हात धरला. माझे हात गार होते. म्हटलं, "तो नाय येवाचा गो. त्याच दिवशी गेला तो."

ती रडली नाही. तिने मला मारलं. खरंच मारलं. दोन्ही मुठींनी खांद्यावर, छातीवर. कान्हा आतून धावत आला, मी त्याला हाताने थांबवलं. "अकरा वर्सं," म्हणत होती, "अकरा वर्सं तुज्याच तोंडानं सांगतस, वाट बघ, वाट बघ." देवी बोलली होती की मीच बोलत होते, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. मी सांगितलं ते एवढंच, की आजचं माझं आहे, शिव्या घालायच्या तर मला घाल. ती नारळ तिथेच टाकून निघून गेली.

दसऱ्याला तिचं दार बंद होतं. मला वाटलं, मी एका बाईचं आयुष्य मोडलं, आणि तेही स्वतःचं वाचवून.

काल सकाळी ती आली. हात मोकळे, कपाळ मोकळं. तिच्या भावाला बोलावून खाडीवर देवरामचं सगळं करून आली होती. चुलीपाशी बसली. म्हणाली, रात्री झोप लागली. बारीक झाली आहे, पण भात दोनदा मागून खाल्ला. मी तिला विचारलं, माझ्यावर राग आहे का. ती म्हणाली, हाय. मग आम्ही दोघी पुष्कळ रडलो, सूनही रडली, काही कारण नसताना.

माझी गोळी घ्यायची राहिली होती. सून डबी घेऊन आली, आणि मी म्हटलं, ठेव, नंतर घेते. जाईबाईने डबी तिच्या हातून घेतली, झाकण काढलं, गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

"घे," म्हणाली. "तू गेलीस त मना खरा कोन सांगल?"

भागीरथी